पहिलं नाव

परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर औषधाचा अंश उरलाय का, हे प्रयोगशाळेत तपासतात. ती द्राक्षं दिवसभर हाताळणाऱ्या बायकांनी अर्ज लिहिला, आमचं रक्तही तपासा. पण सही करायला कुणी पुढे येईना.

“गेल्या वर्षीच्या अर्जावर पहिलं नाव नवसाबाईचं होतं,” कुसाबाई म्हणाली. “दुसऱ्या दिवसापासून कामाची गाडी तिच्या दारात थांबली नाय.”

नाशिकच्या या बायकांच्या वस्तीत मुलांना शिकवणारे गोटीराम गुरुजी तिथेच बसले होते. त्यांनी नवसाबाईकडून जेवणाची थाळी मागितली, कागदावर पालथी घातली आणि कडेने पेन्सिल फिरवली.

“या गोल रेघेवर सह्या करा. पहिली कोण, ते कुणाला कळणार नाही.”

“हे पोरांना शिकवता व्हय गुरुजी?” त्यांच्यातल्या सायलीने विचारलं.

“पोरांनीच मला शिकवलं. रांगेत पुढे कुणी उभं राहीना, की ती गोल करून उभी राहतात.”

सकाळी दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये मॅनेजरने कागद पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं.

“यात पहिली कोण?”

कुसाबाईने कागद फिरवून आपलं नाव त्याच्यासमोर सरळ केलं. “मी.”

सायलीने तो आणखी थोडा फिरवला. “मी.”

एकेकीच्या हाताने कागद फिरत राहिला. शेवटी एक नाव सरळ झालं, पण त्या नावाची बाई तिथे नव्हती. कुसाबाईने त्यावर बोट ठेवलं.

“ही नवसाबाई, साहेब. गेल्या वर्षीची पहिली.”