वेगळी पुडी

चौथ्या मजल्यावर नव्याने आलेल्या बाईंनी हॅलोविनच्या सगळ्या बालभुतांना लाडू वाटले. मृदुलाची ओवी पुढे होताच मात्र ताट मागे घेतलं. "थांबा हडळबाई, तुमचा खाऊ वेगळा," म्हणत त्यांनी आतून एक पुडी आणली.

मृदुलाने ती लेकीच्या हातून काढून घेतली. "हिलाच वेगळं का?"

"अहो, लाडू दाण्याचे आहेत. हिचा दाण्याने घसा सुजतो ना? परवा लिफ्टमध्ये फोनवर सांगत होतात. ही नारळाची वडी."

म्हणजे बाई कान देऊन ऐकत होत्या! मृदुला ओवीला घेऊन वळली. पण जिन्यात तिने ओवीची पिशवी उपडी केली आणि ओळखीच्या घरांतली म्हणून न बघता घेऊ दिलेली चॉकलेटं तपासू लागली. तिसऱ्या चॉकलेटवर 'शेंगदाणे' छापलं होतं.

"ते मोठ्या काकूचं," ओवी म्हणाली. "सगळ्यांत मोठं मलाच दिलं."