पेटीतले मासे

“मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी चांगलं आहे,” मास्तर फोनवर पुन्हा म्हणाला.

पलीकडे धाकटी बहीण होती. ती नदीच्या खालच्या अंगाला राहायची, विहीर काठावरचीच. तिच्या मुलीला जुलाब थांबत नव्हते.

“दादा, तू सांगशील ते मी मानते. पाणी उकळून देऊ का तिला?”

“कशाला उगाच गॅस जाळतेस? बाहेरचं अरबटचरबट खाल्लं असेल पोरीनं.”

“बघ हं. तुझ्या भरवशावर पाजते.”

त्यानं फोन ठेवला आणि खुर्चीतच डोळे मिटले. झोप येईना, उठवतही नव्हतं.

गावाचं सगळं सांडपाणी त्याच्या प्लांटवर यायचं, म्हणून गाव त्याला गटारमास्तर म्हणायचं. त्यानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. घाण गाळायची, पाण्यात हवा सोडायची, गाळ तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी नदीत सोडायचं, एवढंच तर काम. पण हवेच्या दोन पंपांतला एक कधीचा आजारी होता. वर कळवून कळवून मास्तरची जीभ झिजली. तपासणीचा अहवाल यायचा तोवर ते पाणी कुठच्या कुठं गेलेलं असायचं. वासावरून ओळखावं तर इतक्या वर्षांत नाक पार कामातून गेलं होतं.

मग त्यानं आपली एक रीत काढली. शेवटच्या टाकीतली बारीक धार एका काचेच्या पेटीत सोडली आणि तिच्यात सहा मासे ठेवले. सकाळी मासे पोहताना दिसले की नदीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. उलटे पडलेले दिसले की व्हॉल्व्ह बंद, पाणी मागे फिरवायचं आणि ते ताळ्यावर येईपर्यंत टाकीपाशी खडा पहारा.

मागे एकदा माशांनी त्याचा जीव मेटाकुटीला आणला होता. सारखे मरायचे. मास्तरनं झोप सोडली, जेवण सोडलं, आणि एक दिवस चक्कर येऊन टाकीच्या कठड्याशी कोसळला. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. ती रडतच बाहेर आली होती.

त्यांची खोली प्लांटच्या आवारातच होती. तेव्हापासून पहाटे उठून माशांना खाणं घालायचं काम बायकोनं आपल्याकडे घेतलं. मास्तर चहा पिऊन पेटीपाशी जाईपर्यंत मासे मजेत पोहत असायचे. त्यानंतर एकही मासा दगावला नाही.

“हातगुण आहे हिचा,” तो कौतुकानं सांगायचा. ती काहीतरी काम काढून आत जायची.

आज बहिणीचं बोलणं ऐकून बायकोनं लगेच तिच्याकडे जायला पिशवी भरायला घेतली. घरच्या नळाचं पाणी दोन कॅनमध्ये भरलं.

“अगं, तिकडे काय दुष्काळ पडलाय?”

“असू दे. पोरीला होईल.” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “पहाटेच्या पहिल्या गाडीनं येतेच मी. माशांचं मी बघेन.”

“एक दिवस मी खाणं घातलं तर काय मरतील का ते?”

कॅन उचलून ती निघाली.

संध्याकाळी खोली खायला उठली. भाचीचा विचार काही डोक्यातून जाईना. उद्या आपणही जाऊन यावं, असं ठरवून तो बाजारात गेला. रिकाम्या हातानं कसं जायचं? तेवढ्यात कोपऱ्यावरचं माशांचं दुकान दिसलं. आपल्या पेटीत आहेत तसेच दोन मासे नेले तर पोर अंथरुणात उठून बसेल आणि बहिणीचीही शंका फिटेल. या विचारानं त्याला जरा हुशारी वाटली.

“या मास्तर!” दुकानदार हसला. “आम्हाला विसरलातच की. पूर्वी कसे सारखे यायचात.”

“वेळच आली नाही यायची.” मास्तरच्या थकलेल्या आवाजात जरा तोरा आला. “दोन मासे द्या. भाचीला नेतोय.”

दुकानदारानं दोन मासे पिशवीत घातले, गाठ मारली. मग खाली वाकून पाण्यानं भरलेली एक मोठी पिशवी वर काढली आणि मास्तरसमोर ठेवली.

“जाताय तर हीही न्या. वहिनी आज आल्या नाहीत, पण त्यांचे रोजचे सहा मी बांधून ठेवलेत.”