गुडघाभर पाणी

पंचावन्न साली कुरुळीच्या शाळेत बदलून आलेल्या कुसुमबाईंनी पोरांना तळं शिकवायला स्वतःच कविता रचली. पाठकोऱ्या कागदांवर ती लिहून शेजारी कमळं, चतुर नि गुडघाभर पाण्यात उभा बेडूक रंगवला, आणि एकेक कागद पोरांना घरी दिला. "रविवारी खरं तळं बघून या."

तिसरीतली हौसा कमळासाठी तळ्यात उतरली, ती वर आलीच नाही.

तेरावं झाल्यावर तिची आई रंभा तोच कागद घेऊन शाळेत आली. बाईंची मान वर होईना.

"मला वाचता येत न्हाई, बाई. चित्तर तेवढं कळतं. पानी बेडकाच्या गुडघ्याएवढंच दिसलं, म्हनून मीच तिला म्हनलं, जा."

तिनं कागद बाईंच्या हातात ठेवला.

"उद्यापास्नं धाकटी येईल. तिच्या कागदावर पानी खोल काढा."