शिपाई राघो देवजीची तारीख

"हीच," रशीद म्हणाले आणि बाजूला सरकून उभे राहिले.

सदानंदने पाहिलं. जमिनीत रोवलेले दोन ओबडधोबड दगड, एक डोक्याशी, एक पायाशी. ना नाव, ना तारीख. इथल्या गावांत जुन्या कबरीवर काही लिहीतच नाहीत. पुरुष असेल तर दोन दगड, बाई असेल तर तीन, खलास. मग शोधणाऱ्याने शोधायचं काय, कपाळ?

आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतला हा इंजिनियर नऊ वर्षं दर शुक्रवारी हाच उद्योग करत होता. दुसऱ्या महायुद्धात इकडे येऊन मेलेल्या आपल्याकडच्या शिपायांच्या कबरी शोधायच्या, फोटो काढायचे, फॉर्म भरायचे. त्याची बायको श्वेता म्हणायची, "जिवंत माणसांकडेही बघा कधीतरी." नऊ वर्षांत कबरी सापडल्या चार. तीन भलत्याच माणसांच्या निघाल्या. चौथीवरून तो पोचायच्या आधीच रस्ता गेला होता.

ही पाचवी. इब्रीच्या बाजारातल्या इम्रान दुकानदाराने सांगितलं होतं, जवळच्या एका गावात, एका घराण्याच्या खाजगी कबरस्तानात कोणी हिंदी शिपाई पुरलाय म्हणतात. सदानंदने फार आशा धरली नव्हती. आशा धरली होती ती तिकडे, दापोलीजवळच्या गावात, त्र्याऐंशी वर्षांच्या लीलावतीबाईंनी.

बाईंचा बाप, शिपाई राघो देवजी, पलटणीबरोबर इकडे आला तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. त्रेचाळीस साली पलटणीकडून कागद आला: गैरहजर, पळून गेल्याचा संशय. झालं! गावाच्या स्मारकस्तंभावर एकोणीस शिपायांची नावं कोरली गेली, राघोचं तेवढं नाही. शाळेत पोरं लीलावतीबाईंना "पळपुट्याची" म्हणायची. आई ते ऐकत ऐकतच गेली. आता कमिटी म्हणत होती, तुमचे वडील तिकडेच त्या साली वारले अशी रीतसर नोंद आणा, तारखेसकट. नाव कोरतो.

"चाचा, हा तोच शिपाई कशावरून?" सदानंदने विचारलं. बावीस वर्षांत त्याची अरबी कामापुरती बरी झाली होती.

सत्तरी ओलांडलेल्या रशीदनी खिशातून एक पितळी बिल्ला काढला. "हा घरात होता."

बिल्ल्यावर आकडे होते. सदानंदने मोबाइलमधल्या पलटणीच्या कागदाशी ते एकेक करून ताडून पाहिले. पुन्हा पाहिले. तोच नंबर.

"पण तुमच्या कबरस्तानात कसा?"

"इथं सगळी आमच्या घरचीच माणसं आहेत," रशीद म्हणाले. "त्यालाही इथंच ठेवला."

सदानंदला भरून आलं. परक्या मुलखातला, परक्या धर्माचा शिपाई, आणि या लोकांनी त्याला आपल्या माणसांत जागा दिली! कोण करतं हो इतकं? त्याने रशीदचा हात दोन्ही हातांत धरला. रशीदनी तो हळूच सोडवून घेतला.

फोटो काढताना शेजारची तीन दगडांची कबर सारखी मध्ये येत होती, इतकी ती लगटून होती. तो गुडघ्यांवर बसला आणि सरकत सरकत फक्त दोनच दगड दिसतील असा फोटो घेतला. मग व्हिडिओ कॉल लावला. बाईंच्या सुनेने, स्नेहलने, फोन सासूसमोर धरला.

"जय भीम, आजी. सापडले."

"कोण?"

"तुमचे बाबा."

त्याने नंबर वाचायला घेतला. अर्ध्यावर आला तोच पुढचे आकडे बाईंनीच म्हटले, पाठ होते त्यांना. मग त्या रडायला लागल्या. तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारख्या.

"पळाला नव्हता रे! माझा बाप पळाला नव्हता! आईला कुणीतरी सांगायला हवं होतं रे हे... स्नेहल, जा, कमिटीवाल्यांना बोलाव. जेवत असतील तर ताटावरून उठवून आण मेल्यांना!"

रशीद फोनमध्ये बघत होते. बराच वेळ बघत होते.

"हिला भावंडं?"

"कोणी नाही. एकटीच."

"आणि आई?"

"केव्हाच गेली. दुसरं लग्न नाही केलं तिने. वाट बघत राहिली."

रशीदनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि तोंड फिरवलं. मायाळू माणूस, सदानंदला वाटलं.

तिकडे कमिटीचे अध्यक्ष शिरीषभाऊ धापा टाकत आले. फोटो बघून त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला. "चुकलं आमचं," म्हणाले. मग फोनमध्ये डोकावून म्हणाले, "साहेब, तेवढी तारीख द्या. रविवारी पाथरवट येतोय, कोरूनच टाकतो. हिणवणाऱ्या दोन्ही पिढ्यांचं तोंड बंद."

"देतो, लगेच देतो. फोन ठेवू नका."

सदानंदने गुडघ्यावर फॉर्म पसरला. सगळे रकाने भरून झाले होते, मृत्यूचा तेवढा राहिला होता.

"चाचा, साल त्रेचाळीस, ते मला माहीत आहे. महिना, दिवस तुमच्या घरात कोणी सांगून गेलंय का? अंदाजे असलं तरी चालेल."

"त्रेचाळीस नाही," रशीद म्हणाले. "चौऱ्याऐंशी. रमझानचा पहिला शुक्रवार."

"चौऱ्याऐंशी? चाचा, नीट आठवून बघा."

"मी विसरेन? त्याचा थोरला मुलगा मी. त्याला ठेवायला कबरीत मीच उतरलो होतो."

"लिहिलीस का रे बाळा तारीख?" फोनमधून लीलावतीबाई विचारत होत्या.