दाईच्या जागेचा अर्ज

"सदर बाईचा पती निवर्तला असून पदरी दोन कच्ची पोरं आहेत," जैनोद्दीन चाचा वाचत होते, तोच सत्यभामेनं हात आडवा धरला.

"चाचा, कोण निवर्तलं?"

"तुझा मालक."

"त्यो काय, तिथं उभा हाय." तिनं बोट दाखवलं. तुळजापूरच्या कचेरीसमोर, लिंबाखाली, बलभीम धाकट्या पोरीला कडेवर घेऊन शेंगा भरवत होता.

कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे चाचा जराही वरमले नाहीत. निजामाचं राज्य गेलं, कारभार उर्दूतून मराठीत आला, तेही मराठीत लिहू लागले. अर्जातलं रडणं मात्र त्यांनी जसंच्या तसं ठेवलं होतं. त्यांच्या टाकानं कितीतरी धडधाकट माणसं कागदावर मेली होती आणि मागं राहिलेल्यांना नोकऱ्या लागल्या होत्या.

"अणदूरच्या दवाखान्यात दाईची जागा एकच हाय, बाई. साहेबाचं दिल नरम व्हायला नको?"

बलभीम जवळ आला. "नोकरी लागत असंल तर लिवा, चाचा, मेलो म्हणून. माझं काय जातंय?"

सत्यभामेला हसू आलं आणि रागही आला. जागा तिला जिवापाड हवी होती. गावात बाळंतपणं करताना एका अंधाऱ्या खोलीत तिच्या हातातून एक बाळंतीण गेली होती. दवाखान्यात ती वाचली असती, हे तिला आता कळत होतं. पण जागा हवी होती ती तिच्या हातातल्या कसबावर. कुणी कीव केली म्हणून नव्हे.

"नवा कागद घ्या. म्या सांगते तसं लिवा."

ती सांगू लागली. मूल आडवं असलं तर हात लावून आधीच वळखते. मग सासू आडवी आली तरी गाडी जुंपायला लावते, दवाखान्याला नेते. नाळ उकळल्या कात्रीनंच कापते. एक बाई माझ्या हातातून गेली. ती कशानं गेली ते नर्सबाईकडून शिकून घेतलं. मला काम येतं, म्हणून जागा मागते.

"ते गेलेल्या बाईचं गाळू का?"

"न्हाय. साहेबानं इचारलं तरी हेच सांगनार हाय."

चाचांनी लिहिलं. तळाशी नेहमीचं 'गरिबावर मेहेरबानी व्हावी' लिहायला टाक उचलला, तिच्याकडं पाहिलं आणि खाली ठेवला. पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तरी ते कागद धरूनच बसले.

"बाई, रातच्याला बोलावलं तर येतीस?"

"येते की. कुणाकडं?"

"माझ्याच घरी." चाचांचा आवाज खाली आला. "सुनेला आठवा सरत आलाय. पयलटकरीन हाय."

सत्यभामेनं अर्ज त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतला.

"मग नुसता सांगावा धाडा, चाचा," ती म्हणाली. "अर्ज नको."