झाकण चारलाच उघडणार

“तो लॅपटॉप घेऊन बाहेर आलीस तर बघ!” आईने मधुराला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं.

“मग मी येतच नाही. पोहे तूच दे त्यांना.”

झालं! मंगलाताईंचा हात कपाळाला. बाहेरच्या खोलीत मुलाकडचे येऊन बसलेले, माधव नगरातली लाइट दुपारपासून गेलेली, इन्व्हर्टरही बसलेला, आणि ही पोरगी लॅपटॉप सोडायला तयार नाही!

“आजच्या दिवस तो इंटरव्ह्यू राहू दे ना, बेटा.”

“चार म्हणजे चार, आई. समोरचा माणूस वाट बघत असतो. नऊ टक्के बॅटरी उरलीय. कुणी उगाच उघडझाप केली की संपलं सगळं.”

“मग यांना साडेतीनला बोलवा असं तूच कशाला म्हणालीस?”

मधुरा निघालीच. हातात पोह्यांचा ट्रे, काखेत लॅपटॉप, आणि थेट बाहेर.

सोफ्यावर श्रीधरराव नाफडे, शेजारी प्रतिभाताई आणि टोकाला त्यांचा सौरभ, मांडीवर बॅग घट्ट धरून. इंदूरला टीम लीडर, असं बायोडेटात होतं. मधुरा समोरच्या खुर्चीत बसली. तिच्या मांडीवर मिटलेला लॅपटॉप.

“हे काय, शाळेत चाललीस का?” श्रीधरराव हसले.

“चारला इंटरव्ह्यू आहे, काका.”

“नोकरीसाठी? अरे भई, आमच्याकडे सुनेला नोकरीची जरूरतच नाही! याच्या हाताखाली बारा माणसं आहेत. बंद कर ते, आरामात बस.”

“चालू कुठाय? झोपलाय तो.”

“झोपलाय?” प्रतिभाताईंनी चमचा थांबवला.

“स्लीपमध्ये आहे, काकू. झाकण उघडलं की दोन सेकंदांत जागा. पण झोपेतही जरा जरा बॅटरी खात राहतो.”

“मग हायबरनेट करायचा ना,” सौरभ पहिल्यांदाच बोलला. “त्यात बॅटरी जात नाही.”

“जात नाही, पण माझा म्हातारा आहे. हायबरनेटमधून उठायला तीन मिनिटं लावतो, आणि उठता उठता सगळी कसर भरून काढतो. अर्ध्या तासासाठी स्लीपच बरा. करून बघितलंय मी.”

सौरभने मान डोलावली आणि घड्याळ बघितलं. “तुमच्या इथे मोबाइलचं नेट कसं येतं?”

“गच्चीत मस्त येतं.”

“बाबा, आपण पावणेचारला निघू या. मला एक जरूरी कॉल आहे.”

“बघा!” प्रतिभाताई कौतुकाने म्हणाल्या. “शनिवारीसुद्धा ऑफिसवाले सोडत नाहीत याला.” आणि बोलता बोलता त्यांनी पुढे वाकून पोह्यांची बशी लॅपटॉपवरच ठेवून दिली.

मधुराने बशी उचलली आणि स्टुलावर ठेवली. “हे टेबल नाही, काकू.”

दारात उभ्या मंगलाताई उगाचच खोकल्या.

श्रीधररावांचं हसू गेलं. “मुली, साफ सांगतो. आज तू इंटरव्ह्यूला बसलीस तर हे लग्न होणार नाही. तू झाकण उघडलंस की आम्ही उठलो.”

“मधुरा!” आई दारातून पुढे आली. एवढं चांगलं स्थळ, दोन वर्षांत पहिल्यांदा घरापर्यंत आलेलं!

“उठू नका, काका. जिलबी यायचीय अजून.”

“म्हणजे उघडणार?”

“चारला उघडणार.”

सौरभ बॅग घेऊन उभा राहिला. “बाबा, मी जरा खाली जाऊन...”

“बस! कुठे निघालास? हिची हिंमत किती आहे ते बघू दे मला.”

सौरभ सोफ्याच्या कडेवर टेकला. पंखा बंद, कपाळावर घाम. भिंतीवरचा काटा पुढे सरकत होता. चारला एक मिनिट कमी असताना मधुराने मोबाइलचं नेट लॅपटॉपसाठी सुरू केलं. श्रीधरराव तिच्याकडे रोखून बघत होते. तिने त्यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि झाकण उघडलं.

श्रीधरराव ताडकन उठले. “चला!”

लॅपटॉप दोन सेकंदांत जागा झाला. मधुराने पडद्यावरचा अर्ज एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, मग समोर बघितलं.

“चार वाजले, सौरभ. तुमचा इंटरव्ह्यू मीच घेणार आहे. मार्चमध्ये नोकरी गेली असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल इथेच विचारू, की आतल्या खोलीत बसू या?”