पांढऱ्या कागदाच्या जागी

विलासना चष्म्यातूनही बारीक दिसत नव्हतं म्हणून शेवटचं सोल्डर त्यांच्या मुलीने, उन्नतीने मारलं.

"जास्त नको, थेंबभर," विलास म्हणाले. "बास."

जेवणाच्या टेबलावर जुना व्हिडिओ मिक्सर झाकण काढून ठेवला होता. शेजारी त्यांच्या मित्राने, वॉल्टरने आणलेल्या सुकेळ्यांची पुडी तशीच बांधलेली. पापडी गावातल्या त्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मिक्सरला जोडायचं सर्किट मात्र त्याने स्वतः बनवून आणलं होतं.

"हे भंगारवाला पण उचलणार नाय," तो म्हणाला. "आणि तू त्याला नवा इफेक्ट बसवतो. लग्नाच्या सीझनचं बुकिंग घेतलं काय?"

"तुझं घेतो. तुझ्या लग्नात माझा फोकस गेला होता. परत शूट करू."

"बायको तीच आणायची?"

वॉल्टर हसता हसता थांबला. भिंतीवरची विलासच्या बायकोच्या, सुहासिनीच्या फोटोची जागा रिकामी होती. फोटो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा केला होता, हार काढून, कॅमेऱ्यासमोर. तिला जाऊन महिना होत आला होता.

याच मिक्सरवर विलासनी वसईतली कितीतरी लग्नं जोडली होती. नवरीच्या चेहऱ्याभोवती बदाम, कोपऱ्यातून उलटणारं पान. चित्रातला काळा भाग गाळून तिथे दुसरं चित्र आणायची सोयही त्यात होती. पांढरा भाग गाळायची नव्हती. ती आता खटका लावून केली होती.

"बाबा, फोनवर हे दोन मिनिटांत होईल."

"फोनवर तू करशील," विलास म्हणाले. त्यांनी कॅसेट व्हीसीआरमध्ये ढकलली. उघड्या मिक्सरची घरघर नको म्हणून आवाज बंद ठेवला.

टीव्हीवर नुसतं पांढरं आलं.

लग्न सुरू व्हायच्या आधी त्या मांडवातल्या उजेडात पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला दाखवावं लागे. सुहासिनी कागद धरायची आणि विलास झूम करून तो पडदाभर घ्यायचे. रेकॉर्डचं बटण दाबायला विसरल्यामुळे एकदा कुणाच्या तरी लग्नात अंतरपाट दूर झाला तो क्षणच हुकला होता. तेव्हापासून आधी रेकॉर्ड, मग कागद. गिऱ्हाइकाच्या प्रतीत तेवढा भाग कापलेला असे. घरातल्या सगळ्या मूळ कॅसेटी मात्र अशा पांढऱ्या सुरू व्हायच्या.

अर्नाळ्याच्या या एका लग्नात झूम जरा ढिला राहिला होता. कागदाच्या खालच्या कडेला दोन अंगठे दिसत होते आणि हिरव्या बांगड्यांची एक ओळ.

"सगळ्या बघितल्या?" उन्नतीने विचारलं.

"सगळ्या."

"इतक्या लग्नांत आई कुठेच नाही?"

"लाइट तीच धरायची," विलास म्हणाले. "लाइट धरणारा कसा दिसणार?" मग थोड्या वेळाने, "एका तरी कॅसेटमध्ये ती असायला हवी."

त्यांनी खटका ओढला.

कागद गेला. त्याच्या जागी सुहासिनीचा चेहरा आला, गेल्या वर्षी बँकेसाठी काढलेला. खाली अंगठे किंचित हलत होते, वर चेहरा हलत नव्हता. चेहरा साठीचा आणि हात तिशीतले. आई स्वतःचाच फोटो वर धरून बसली होती.

"कडा साफ आल्यात," वॉल्टर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

विलासनी खटका परत ढकलला. पांढरं आलं.

"हे नको," ते म्हणाले.

त्यांनी कॅसेट थांबवली. वॉल्टरने सोल्डरिंगची वायर सॉकेटमधून काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली. विलास हारासाठी इकडेतिकडे बघत होते. हार त्यांच्याच मांडीवर होता.

"बाबा, एकदा परत लावते," उन्नती म्हणाली. "नुसती. आवाजासकट."

"आवाजात काय असणार? जनरेटर."

तिने कॅसेट मागे नेली आणि आवाजाची पट्टी वर सरकवली. आधी घरघर, मग खरंच जनरेटर. लांब कुणीतरी माइकवर फुंकर मारत होतं. पांढरा कागद, दोन अंगठे. आणि मग, अगदी जवळून,

"झालं का हो? हात भरून आले."

शेवटच्या वर्षात आईचा आवाज बसला होता. उन्नतीच्या कानात तोच राहिला होता. हा उन्नतीहूनही लहान बाईचा आवाज होता, थोडा हसणारा.

विलास खुर्चीच्या कडेला आले.

"अहो, काढू का?"

"नको," विलास टीव्हीकडे बघत म्हणाले. "धर अजून जरा."

टीव्हीतून त्यांचाच आवाज आला, तरुण, घाईतला. "काढ आता. पण उठू नकोस, फ्रेममध्ये येशील."

"बरं," ती म्हणाली.

कागदासकट अंगठे खाली गेले. मागे रिकामं स्टेज होतं आणि त्यावर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या, जवळजवळ ठेवलेल्या.